निकालानंतर ज्युरीचा फोरमन टीव्हीवर भडाभडा बोलला, तर निकाल रद्द होतो का? (फोरमन म्हणजे ज्युरीचा प्रमुख, ज्युरर म्हणजे ज्युरीतला सदस्य.) (ॲपल विरुद्ध सॅमसंग)

नुसतं बोलल्यामुळे होत नाही. निकाल दिला, न्यायाधीशांनी कामातून मोकळं केलं, की अमेरिकेत ज्युररला सहसा कुणाशीही बोलायची मुभा असते.

२४ ऑगस्ट २०१२ ला सॅन होजेच्या फेडरल कोर्टात, सॅमसंगने आयफोनची नक्कल केली या ॲपलच्या पेटंट खटल्यात, ज्युरीतल्या नऊ जणांनी ७०० हून जास्त प्रश्नांचा निकालाचा फॉर्म जेमतेम तीन दिवसांत भरला आणि सॅमसंगवर सुमारे १०५ कोटी डॉलर बसवले. फोरमन इंजिनिअर, स्वतःच्या नावावर पेटंट असलेला. त्याने मुलाखतींत सांगितलं, की ॲपलच्या पेटंटआधी अस्तित्वात असलेलं तंत्र वेगळ्या प्रोसेसरवर चालणारं होतं, एकाच्या जागी दुसरं बसत नव्हतं, म्हणून ॲपलचं पेटंट टिकतं. कायदा असा प्रश्न विचारतच नाही! पेटंटवाल्या वकिलांनी डोक्याला हात लावला.

पण त्याचा कोर्टात उपयोग शून्य. फेडरल पुरावा नियम ६०६(ब) प्रमाणे ज्युरीच्या खोलीतली चर्चा निकालाविरुद्ध वापरता येत नाही. बाहेरून आलेली माहिती, बाहेरचा दबाव असे थोडेच अपवाद आहेत. फोरमनचं पेटंटचं ज्ञान म्हणजे बाहेरची माहिती, हा सॅमसंगचा दावा न्यायाधीश लुसी को यांनी मानला नाही. तो त्याचा स्वतःचा अनुभव. माझ्या मते हे बरोबरच आहे, नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार ज्युररच्या दारात जाऊन बसेल.

खरा धोका ज्युरी निवडीच्या वेळी फोरमनने दिलेल्या उत्तरांत होता. 'कधी कोर्टकचेरीत अडकलात का?' या प्रश्नावर त्याने एक खटला सांगितला, पण हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट या आपल्या जुन्या मालक कंपनीबरोबरचा १९९३ चा वाद सांगितला नाही. आणि सॅमसंग तर २०११ पासून तेव्हा सीगेटमधली मोठी भागधारक होती! शपथेवर मुद्दाम लपवलं असेल तर फेरखटला मिळू शकतो. मात्र सीगेटमध्ये नोकरी केल्याचं त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मग निकालाआधीच का नाही शोधलंत, असं विचारून को यांनी डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगचा फेरखटल्याचा अर्ज फेटाळला.

मार्च २०१३ मध्ये त्यांनीच भरपाईतले सुमारे ४५ कोटी डॉलर रद्द करून तेवढ्या भागाचा हिशेब नव्या ज्युरीकडे पाठवला. त्यासाठी कुठल्या मुलाखतीची गरज पडली नाही. चुकीच्या कायदेशीर आधारावर काढलेली रक्कम फॉर्मवरच्या आकड्यांतच दिसत होती.