नळ आधी, भाडेवाढ नंतर

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. भाडेकरूला वर्ष होत आलंय, पैसे वेळेवर देतो, तर आता 10 टक्के वाढ मागावी का? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की तो बाथरूमच्या नळाचं रडगाणं लावून बसलाय. माझ्या मते तुमचं उत्तर त्या रडगाण्यातच आहे.

आधी वाढीचा हिशेब मांडू. घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले. वाढीच्या हट्टापायी हा माणूस सोडून गेला आणि नवीन मिळेपर्यंत दोन महिने कुलूप राहिलं, तर ते बुडालेलं भाडं 10 टक्के वाढीतून भरून यायला 20 महिने लागतात. रंगकाम, दलाली आणि नवा माणूस कसा निघेल ही धाकधूक वेगळीच. म्हणून नीट राहणाऱ्या भाडेकरूला बाजारभावापेक्षा थोडं कमी लावलं तर मी त्याला तोटा म्हणत नाही.

पण वाढ मागायचीच नाही, असंही करू नका. मी भिडेखातर चार वर्षं गप्प बसलो आणि पाचव्या वर्षी एकदम मोठा आकडा सांगितला. माणूस बिथरला, महिन्याभरात गेला. दरवर्षी थोडी वाढ, तीही करार संपायच्या दोन-तीन महिने आधी बोलून, ही कुणालाच जड जात नाही.

आता नळ. तक्रार करणारा भाडेकरू परवडतो, गप्प बसणारा नाही. माझ्या एका भाडेकरूने सिंकखाली ठिबकतंय असं सांगितलं, मी "बघू" म्हणालो. त्याने पुन्हा विषय काढला नाही. तो गेल्यावर पाहतो तर कपाटाचं प्लायवूड फुगलेलं आणि मागच्या भिंतीला पार पलीकडपर्यंत ओल. एका वॉशरचं काम होतं! तेव्हापासून तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर देतो. काम लगेच होईलच असं नाही, पण माणूस कधी येणार ते सांगायचं आणि तो शब्द पाळायचा. तक्रार गॅस गीझरची असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. कोंडलेल्या जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. त्याला ना वास ना रंग, जीव जातो. तो बसवलेल्या जागी हवा खेळते का, हे स्वतः जाऊन बघा.

जाताना आधी कळवून जा. तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे म्हणून दार उघडून आत शिरणं हा भाडेकरू घालवायचा हमखास मार्ग आहे. घर तुमचं असलं तरी संसार त्याचा आहे.

कागदाचा कंटाळा करू नका. ताबा देताना खोलीखोलीचे फोटो, मीटरचं रीडिंग, किल्ल्या किती दिल्या, सगळं लिहून दोघांच्या सह्या. हे केलं नव्हतं म्हणून एकदा फुटलेल्या बेसिनवरून वाद झाला आणि पैसे मीच भरले, कारण ते आधी धड होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा, ती तुमची कमाई नाही. रंग फिका पडला, तर ती वापरातली झीज. दाराला भोक पडलं, तर ते नुकसान. अनामतीतून कापायचं ते फक्त नुकसानीचं. अनामत किती घ्यावी, कधी परत द्यावी याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तुमच्याकडचे वाचून घ्या.

पुढे कधी नवा भाडेकरू शोधायची वेळ आलीच, तर आत्ताच्या घरमालकाऐवजी त्याच्या आधीच्याला फोन करा. आत्ताच्याला ब्याद टाळायची असेल तर तो तोंडभर कौतुकच करणार.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात प्लंबर पाठवला असता. नळ दुरुस्त झाला की चार-पाच टक्क्यांची गोष्ट काढा.