‘वाट बघा’ म्हणाले, पण कधीपर्यंत?

दंडाचं हाड मधोमध मोडलं, प्लेट बसली, हाड जुळलंही; पण अडीच महिने झाले तरी मनगट लोंबतंय आणि विचारलं की ‘नस दुखावलीय, येईल हळूहळू’ एवढंच ऐकायला मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. ही नस म्हणजे रक्ताची नव्हे, मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम देणारी रेडियल नर्व्ह. अगदी हेच मी ऐकत होतो. मी डॉक्टर नाही, यातून गेलेला रुग्ण आहे. माझं बोलणं त्याच हिशेबाने घ्या.

स्प्लिंट लावणं, बोटं दुसऱ्या हाताने हलवत ठेवणं हे करतच असाल. मला विचारायचंय ते एवढंच: ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नस आणि स्नायूंची विजेवरची तपासणी, दुखापतीनंतर कितव्या दिवशी झाली?

माझी चौथ्या दिवशी झाली. नस तुटली तरी तिचा जखमेखालचा भाग लगेच मरत नाही. आणखी काही दिवस तिथे करंट दिला की स्नायू हलतो. म्हणून रिपोर्ट आला की खालची नस शाबूत आहे, नुसती दबलीय. तो कागद फायलीत बसला आणि पुढचे सहा महिने त्या ओपीडीत दर खेपेला नवा डॉक्टर तोच उघडून ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणायचा. मनगट उचलून दाखवा, असं एकानेही म्हटलं नाही! खरं चित्र तीन-चार आठवड्यांनंतरच्या तपासणीत दिसतं, हे मला सातव्या महिन्यात दुसरीकडे कळलं. तोवर एकाही स्नायूपर्यंत नस पोचली नव्हती.

थोडा दोष माझाही. बोटांची टोकं सरळ व्हायची, म्हणून मी खूश. ते काम तळहातातल्या छोट्या स्नायूंचं, त्यांची नसच वेगळी. मूठ आवळून सोडली की मनगट किंचित उसळायचं, तेही फसवं. मी मात्र घरभर दाखवत फिरलो.

आता टेप घ्या. हाड मोडलं तिथपासून कोपराच्या जरा वरपर्यंत मोजा. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे १० सेंटिमीटरला १०० दिवस, वर महिनाभर धरा. हाड मोडलं त्या दिवसापासून मोजून येणारी तारीख लिहून ठेवा. कोपर काटकोनात, अंगठा वर, आणि कुणाला तरी मनगट खाली दाबायला सांगून तुम्ही कोपर वाकवायला जोर लावा. कोपरापाशी अंगठ्याच्या बाजूला दोरीसारखा स्नायू उठतो का ते बघा. मनगटाच्या आधी बहुधा तोच जागा होतो. तारीख उलटली आणि तिथे काहीच नसेल, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला गाठा, पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका. आणि ईएमजी जुनी असेल तर ती आत्ताच पुन्हा करून घ्या.

वाट बघणं चूक नाही. अशा बऱ्याच नसा आपसूक परततात. पण वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू मग नस पोचूनही फारसा उठत नाही. माझ्या पोटरीतली नस काढून आठव्या महिन्यात दंडात जोडली. मनगट आलं, बोटं आणि अंगठा आले नाहीत, त्यासाठी पुढे टेंडन ट्रान्सफर, म्हणजे चालू स्नायूची दोरी बंद पडलेल्याच्या कामाला जोडायची शस्त्रक्रिया, करावी लागली. ती उशिराही करता येते, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

स्नायूंना करंट देणारं मशीन विकत घ्यायला कुणी सांगत असेल तर आधी सर्जनला विचारा. माझं कपाटात पडून आहे.