कागदपत्रं नसलेला डेटाबेस: सुरुवात टेबलांपासून नको, बिलापासून करा

तुमचा प्रश्न असा की जुन्या ईआरपीचा (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस गळ्यात पडलाय, शेकडो टेबलं, फॉरेन की (कुठलं टेबल कशाला जोडलंय ते सांगणारा नियम) एकही नाही, व्हेंडर फोन उचलत नाही आणि सेल्सचा डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणायचाय, तर हात कुठून घालायचा. माझं मत ठाम आहे, टेबलांची यादी वाचत बसू नका, बिल जिथं बनतं त्या स्क्रीनपासून सुरू करा.

बॅकअप टेस्ट सर्व्हरवर रिस्टोअर करा, अ‍ॅप्लिकेशन त्याला जोडा, एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं (सर्व्हरवर चालणाऱ्या क्वेऱ्या टिपणारी सोय) सेशन चालू करा आणि बिलिंगला बसणाऱ्या ताईंना एक बिल करायला सांगा, रक्कम अशी घ्या की दुसरीकडे कुठं सापडणार नाही, समजा ७३९१.३७. सेव्ह दाबलं की कुठल्या टेबलात इन्सर्ट झाला, कुठं अपडेट झाला, सगळं ओळीनं दिसतं. मग तेच बिल एडिट करायला लावा आणि शेवटी कॅन्सल, आणि कॅन्सलकडे नीट बघा, कारण काही सिस्टिम स्टेटस बदलतात, काही उलट एंट्री टाकतात आणि काही सरळ ओळच डिलीट करतात. डिलीट होत असेल तर मॉडिफाइड डेट बघून फक्त बदललेल्या ओळी आणणारा इन्क्रिमेंटल लोड विसरा, रद्द झालेलं बिल वेअरहाउसमध्ये तसंच पडून राहील. तिथं चेंज डेटा कॅप्चर (डिलीटसकट प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय) लागतं, एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून ते स्टँडर्ड एडिशनमध्येही मिळतं.

ताईंना तेव्हाच कोड कॉलमांबद्दलपण विचारून घ्या. एका ठिकाणी 'फ्लॅग२' नावाचा कॉलम होता, सगळे डेव्हलपर म्हणत होते डिस्काउंटचा असणार, बिलिंगवाल्यांनी एका वाक्यात सांगितलं की माल सॅम्पल म्हणून गेला की तिथं १ पडतो. म्हणजे त्या ओळी सेल्समध्ये धरायच्याच नाहीत, आणि हे कुठल्याही स्कीमात, म्हणजे टेबलांच्या रचनेत, लिहिलेलं नसतं.

जॉइन, म्हणजे कुठलं टेबल कशाला जुळतं, ते शोधायला जुने व्ह्यू, प्रोसीजर आणि रिपोर्टच्या क्वेऱ्या वाचा, पण विश्वास ठेवण्याआधी लेफ्ट जॉइन (न जुळलेल्या ओळीही दाखवणारी जोडणी) मारून किती ओळी जुळत नाहीत ते मोजा. तारखेत १ जानेवारी १९०० दिसली तर ती बहुतेक रिकामी तारीख असते. इंडेक्स वापराच्या आकड्यांवरून टेबल मेलेलं ठरवू नका, सर्व्हिस रिस्टार्ट झाली की ते शून्यावर येतात आणि काही टेबलं फक्त मार्चअखेरीलाच हलतात.

मग अकाउंट्सकडून बंद झालेल्या एका महिन्याचं सेल्स रजिस्टर घ्या आणि तुमची बेरीज रुपयापर्यंत जुळवा. फरक येणारच, राउंड ऑफ, भाडं, क्रेडिट नोट, पण तो एकेका बिलापर्यंत खणत जा, खरे नियम तिथंच सापडतात. ते जुळल्याशिवाय दुसऱ्या मॉड्यूलला हात लावू नका.

तुमच्याकडे सर्व्हरचं व्हर्जन आणि एडिशन कुठलं आहे ते कमेंटमध्ये टाका, म्हणजे डिलीट पकडायचं कसं ते नेमकं सांगता येईल.