महापालिकेच्या २३ नागरिक सल्लागार समित्यांच्या ६ होणार आहेत. सदस्य म्हणून मी विरोध करावा का?

तुम्ही पर्यावरण समितीवर आहात, आणि आता तुमची समिती उद्यान, घनकचरा आणि तलाव या समित्यांबरोबर एकाच मोठ्या समितीत जाणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी एका मध्यम आकाराच्या महापालिकेत नगरसचिव कार्यालयात २६ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ समित्यांच्या टेबलवर. विषयपत्रिका काढायची, सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची, इतिवृत्त टाइप करून सह्यांसाठी फिरवायचं. त्यामुळे उत्तर जरा कारकुनी वाटेल, चालवून घ्या.

विरोध एवढ्यात करू नका. आधी २३ समित्यांची यादी घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा, ही कशातून जन्मली: कायद्यातून, महासभेच्या ठरावातून, की एखाद्या जुन्या परिपत्रकातून. आमच्याकडे असंच एकत्रीकरण निघालं तेव्हा हे कुणीच केलं नव्हतं. एक उत्साही उपायुक्त एक्सेल शीट घेऊन आले आणि पथविक्रेते व वाहतूक हे दोन्ही रस्त्यावरचेच विषय म्हणून एका रकान्यात टाकून मोकळे झाले. विधी विभागानं टिपणी परत पाठवली आणि ती फाइल पुढे सात महिने मजल्यामजल्यावर फिरत राहिली. कारण नगर पथविक्रेता समिती २०१४ च्या केंद्रीय कायद्यानं आलेली आहे. आयुक्त अध्यक्ष, किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, तेही त्यांनीच निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला, शिवाय स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांना किमान १० टक्के जागा. ही रचना कुणाच्या सोयीसाठी दुसऱ्या समितीत कोंबता येत नाही.

वृक्ष प्राधिकरणाचंही तेच. ते १९७५ च्या कायद्यानं आलंय आणि झाड तोडायची परवानगी हा त्याच्या अधिकाराचा विषय आहे, त्यामुळे त्याला ‘सल्लागार’ म्हणणंच चूक. मुंबईत या प्राधिकरणावर तज्ज्ञ सदस्य नसल्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याची, शाळा व्यवस्थापन समिती शिक्षणहक्क कायद्याची, त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत. प्रभाग समिती तर थेट घटनेत आहे, ७४ व्या दुरुस्तीनं, ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. आपल्या महाराष्ट्रात तिच्यावर स्वयंसेवी संस्थांच्या तीन जणांपर्यंत घेता येतं. (त्या तीन जागांवर प्रत्यक्षात कोण बसतं, ते एकदा तुमच्या प्रभागात बघाच. आमच्याकडे तिकीट न मिळालेल्यांची सोय तिथे व्हायची.)

एवढ्या बाजूला काढल्यावर उरतात त्या ठरावाच्या आणि परिपत्रकाच्या समित्या. तुमची बहुतेक यातलीच. त्या एकत्र करता येतात, आणि खरं सांगायचं तर कराव्यातही. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागानं शाळांमधल्या ढीगभर समित्या गुंडाळून मोजक्याच ठेवल्या, तेव्हा माझ्या शिक्षक बहिणीनं सुटकेचा नि:श्वास टाकला. तीच माणसं, तोच हजेरीपट, फक्त रजिस्टर वेगवेगळी.

आमच्या तलाव समितीची एक सभा अजून डोळ्यांसमोर आहे. अकरा सदस्य, गणपूर्तीला चार. तीनची वेळ. तीनला दालनात मी, शिपाई आणि एक निवृत्त प्राध्यापक. साडेतीनला आणखी एक गृहस्थ आले. सभा तहकूब करावी लागणार असं दिसत होतं, तेवढ्यात शिपायाच्या लक्षात आलं की शेजारच्या दालनात क्रीडा समिती उठतेय आणि तिथले दोघं इकडेही सदस्य आहेत. त्यांना पकडून आणलं, सह्या घेतल्या, झाले चार. मग प्राध्यापकांनी कापडी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. तलावाचं पाणी, पोपटी रंगाचं, वर साय धरलेलं. नाल्याचं तोंड कुठे उघडतं त्याचा नकाशा त्यांनी हातानं काढून आणला होता. वीस मिनिटांत शिफारस झाली: ते तोंड वळवून मलवाहिनीला जोडावं. चांगली, नेमकी शिफारस होती.

पुढचं ऐका. इतिवृत्त कायम व्हायला पुढची सभा लागते, ती झाली अडीच महिन्यांनी. मग मी पत्र तयार केलं: ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’. शहर अभियंत्यांकडून ते मलनि:सारण विभागाकडे गेलं, तिथून ‘सदर बाब उद्यान विभागाशी संबंधित’ असा शेरा मारून उद्यानाकडे. वर्षानं प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा मी आवक-जावक नोंदवह्या काढून बसले. पत्र पाच टेबलांवर गेलं होतं. ‘होय’ किंवा ‘नाही’ असं एकाही टेबलानं लिहिलं नव्हतं. बाटली मात्र माझ्या कपाटावर राहिली होती, शेवटी सफाईवाल्या मावशींनी फेकली.

म्हणून २३ की ६ यावर भांडण्यात वेळ घालवू नका. शिफारस दालनाबाहेर पडल्यावर कुणाच्या टेबलावर जाते आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं का, यावर भांडा. समितीचा सदस्य सचिव कोण, हे नव्या आदेशात पहिल्यांदा बघा. माझ्यासारखी लिपिक असेल तर समिती गेल्यातच जमा. ज्याच्या विभागाच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यावर, पैसा आहे तो अधिकारी सचिव हवा, म्हणजे सभेत ‘संबंधित विभागाला कळवू’ म्हणायला जागाच राहत नाही, तो स्वत:च संबंधित विभाग असतो. आणि मुदत घालून घ्या: शिफारस मान्य की अमान्य हे ४५ दिवसांत लेखी, अमान्य असेल तर कारणासह, आणि ते उत्तर पुढच्या सभेचा पहिला विषय. आकडा ३० ठेवा की ६०, मला फरक पडत नाही. ‘उचित कार्यवाही’ हे दोन शब्द आदेशात येता कामा नयेत.

मुंबईत १९९७ च्या आसपास कचऱ्यासाठी एएलएम, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांचे गट, सुरू झाले. त्यांना ना मोठं दालन, ना ठराव. माझी मावसबहीण पूर्व उपनगरात अशा एका गटात होती. ती सांगते, वॉर्ड ऑफिसातला एक ठरलेला माणूस दर महिन्याला येऊन उभा राहायचा तोवर सगळं चाललं. त्याची बदली झाली, नवा फिरकला नाही, आणि गट दिवाळीच्या फराळापुरता उरला.

एकत्र समितीत एक धोका मात्र आहे आणि तो तुमच्याच वाट्याला येईल. घनकचरा हा विषय सगळ्यांच्या दाराशी असतो. तो विषयपत्रिकेवर पहिला येतो आणि दोन तास खातो. तलाव आणि पर्यावरण आठव्या-नवव्या क्रमांकावर, ‘वेळेअभावी पुढील सभेत’. हे सलग चार सभा चाललेलं मी स्वत: लिहून ठेवलंय. त्यामुळे विषयांचा क्रम प्रत्येक सभेला फिरता ठेवावा, किंवा छोट्या विषयांना तीन-चार जणांची उपसमिती द्यावी, अशी मागणी आत्ताच करा. एकदा समिती बसली की अध्यक्षांना ते सुचत नाही.

सदस्यांची छाटणी हा नाजूक भाग. जुने सदस्य म्हणतील, अनुभव वाया जातो. काहींचा खरंच जातो, काहींचा अनुभव फक्त खुर्चीचा असतो. सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपवू नका, तिसरा हिस्सा दरवर्षी बदलावा. नाहीतर नवे लोक पहिलं वर्ष कुठला विभाग कुठल्या मजल्यावर बसतो हे शोधण्यातच घालवतात.

आणखी एक: २०२२ पासून कितीतरी महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. त्या काळात लोकांना तोंड उघडायला या समित्यांशिवाय फारशी जागा उरली नव्हती. कुणी ‘या समित्यांचा उपयोगच काय’ म्हणालं तर त्याला ती वर्षं आठवून द्या.

हरकती-सूचनांची मुदत असेल तर तुमचं म्हणणं एका पानात लिहा: कायद्यानं आलेल्या समित्या वगळा, सदस्य सचिव विभागप्रमुख हवा, उत्तराची मुदत, फिरता क्रम. इतकंच. दोन पानांचं कुणी वाचत नाही, मीही वाचायची नाही. पत्र आयुक्तांच्या स्वीय सहायकाच्या हातात देऊ नका, ते ड्रॉवरमध्ये जातं. टपाल शाखेत द्या, आणि स्वत:च्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.