ग्लास मीच उचलला होता

"मॅडम, मला कुणी पाजली नव्हती. ग्लास मीच उचलला होता. मग आता बोलायला मला तोंड आहे का?"

दहा मिनिटं गप्प बसल्यावर ती हे बोलली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय २४. अकरा दिवसांपूर्वी मित्रमंडळींची पार्टी झाली होती. साधारण साडेअकरापर्यंतचं आठवत होतं, त्यापुढे एकदम पहाट. परकी खोली आणि शेजारी ओळखीचा मुलगा. तो म्हणाला, "तू नको म्हणालीच नाहीस." मैत्रीण म्हणाली, "अगं, तू तर हसत होतीस, स्वतःच्या पायांनी गेलीस." वर तिने बारा सेकंदांचा व्हिडिओही पाठवला.

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्यातली गोम आता पाठ झाली आहे. बाईने घेतलेली दारू हा तिचा गुन्हा ठरतो, पुरुषाने घेतलेली दारू ही त्याची सबब. कायद्यात हे नेमकं उलटं आहे.

मी वकील नाही, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ चं पान माझ्या खणात कायम असतं. (१ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचं कलम ३७५ लागतं, या बाबतीत दोन्हींत फरक नाही.) त्यातल्या पाचव्या मुद्द्याचा अर्थ असा: मनोविकलतेमुळे, नशेमुळे किंवा पुरुषाने स्वतः वा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे, आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचे परिणाम काय, हे स्त्रीला समजतच नसेल, तर तिच्या होकाराला अर्थ नाही.

"यातला 'किंवा' परत वाच," मी म्हटलं. त्याने पाजलेलं वेगळं आणि नशा वेगळी. ग्लास कुणी भरला, हे कायदा 'नशा' या शब्दापाशी विचारतच नाही.

ती जरा सावरली, आणि तिथेच मला थांबवावं लागलं. कारण प्यायलेल्या बाईचा प्रत्येक होकार बाद, असंही कायदा म्हणत नाही. प्रश्न समज शाबूत होती का, एवढाच. दोन घोट घेऊन स्वखुशीने जवळ येणारी माणसं असतात. दुसऱ्या टोकाला, शुद्ध पूर्ण हरपण्याच्या बरंच आधी होकार देण्याची क्षमता संपू शकते, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००७ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे. मधली रेषा एकेका प्रकरणातल्या बारीकसारीक गोष्टींवरून ठरते आणि ती ठरवणारी मी नव्हे. नुसतं 'आठवत नाही' एवढ्यावरही काही सिद्ध होत नाही.

मात्र मैत्रिणीचं 'हसत होतीस' मी तसंच सोडलं नाही. रक्तात दारू झपाट्याने चढली की मेंदूत नव्या आठवणी साठवण्याचं काम बंद पडू शकतं. माणूस बोलतो, चालतो, हसतो, पण नोंद होत नाही. म्हणून तो व्हिडिओ खोटा नव्हता आणि तिचं न आठवणंही नाटक नव्हतं.

"पण मी त्याला ढकललं नाही..." प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. संमती शब्दांतून वा खुणेतून, त्या विशिष्ट कृतीसाठी, निःसंदिग्धपणे दिसायला हवी. आणखी एक गोष्ट तिने खाली बघत सांगितली: पूर्वी एकदा त्या दोघांचं जवळचं नातं होतं. संमतीच्या प्रश्नात पूर्वीचे संबंध गैरलागू, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं (म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचं) कलम ४८ सांगतं.

"तोही प्यायला होता ना?"

"त्याने आपल्या मर्जीने घेतली असेल, तर ती त्याची ढाल होत नाही." नकळत किंवा जबरदस्तीने पाजलेल्यालाच न्याय संहितेचं कलम २३ सूट देतं.

(हेच एखाद्या पुरुषासोबत घडलं तर त्याला कलम ६३ चा आधार नाही, कारण त्यात पीडित म्हणून फक्त स्त्री धरलेली आहे. असे दोघे माझ्याकडे येऊन गेले आहेत. त्यांना हे सांगणं फार जड जातं.)

अकरा दिवसांनी रक्तात दारू सापडणार नव्हती, ते मी लपवलं नाही. गर्भधारणा आणि संसर्गाच्या तपासण्या मात्र करायलाच हव्या होत्या. उपचार विनामूल्य मिळतात, पण रुग्णालय पोलिसांना कळवतं, हेही आधीच सांगितलं. तक्रारीला उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. जायचं की नाही, हे तिने ठरवायचं होतं.

निघताना तिने फोन काढला. "हा व्हिडिओ डिलीट करू ना? माझ्याच विरुद्ध आहे."

मी पाहिला. तिसऱ्या सेकंदाला ती चपलेचा पट्टा लावायला वाकते, हात दोनदा हुकतो, मग ती भिंतीला टेकते आणि हसते. तो बाजूला तिची पर्स घेऊन उभा आहे.

तिने परत पाहिला. या वेळी आवाज बंद करून. मग दुसऱ्या फोनवर त्याची प्रत पाठवली.