अडुळसा जिवाणू मारतो का?

प्रश्न : आमच्याकडे खोकल्यावर अडुळशाच्या पानांचा रस मधातून देतात. तो न्यूमोनियाचे जिवाणू मारतो, असे प्रयोगशाळेत दिसल्याचे वाचले. मग प्रतिजैविके कशाला घ्यायची? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : अशा चाचणीत आगर माध्यमावर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरून त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि साधारण २४ तासांनी तिच्याभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे उमटले, ते मोजतात. वर्तुळ दिसले, की बातमी होते. परंतु अर्क आगरात किती झिरपतो यावरही त्याचा आकार ठरत असल्याने, जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा वेगळी काढावी लागते. परिणामकारक प्रतिजैविकांची ती बहुधा मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम, तर कच्च्या अर्कांची अनेकदा काही मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट भरते, आणि तेवढा अर्क पोटातून फुप्फुसापर्यंत पोहोचणे अवघडच. अडुळशाची खरी करामत मला कफाच्या बाबतीत वाटते : त्यातील व्हॅसिसिन या रसायनावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. मात्र ताप आणि धाप असेल, तर रसावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे. आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये.