नफा होऊनही लाभांश का दिला जात नाही?

आपला प्रश्न असा आहे की, एखाद्या कंपनीला वर्षानुवर्षे नफा होत असूनही ती भागधारकांना लाभांश देत नसेल, तर तो नफा नेमका कोणाचा आणि असा समभाग जवळ बाळगून उपयोग काय? तक्रार जुनी आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने पहिला लाभांश थेट १६१० मध्ये दिला, तोही मसाल्याच्या रूपात. तोवर तिचे भागधारक हीच कुरकुर करत होते.

न वाटलेला नफा भागधारकांचाच असतो आणि ताळेबंदात त्यांच्याच निधीत जमा होतो. लाभांश दिला की तेवढी रोकड कंपनीबाहेर जाते आणि ज्या दिवसापासून समभाग लाभांशाविना विकला जाऊ लागतो, त्या दिवशी त्याची किंमतही साधारण तेवढ्यानेच उतरते. त्यामुळे लाभांशाला वरकमाई समजणे चुकीचे आहे. मिलर आणि मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडले की, कर आणि व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात, कंपनीचे गुंतवणुकीचे निर्णय तेच राहणार असतील, तर लाभांश कमी दिला की जास्त याने तिच्या मूल्यात फरक पडत नाही. खरा बाजार इतका आदर्श नसतो, हे मान्य. पण यावरून एवढे निश्चित कळते की लक्ष ठेवायचे ते राखून ठेवलेल्या पैशाचे कंपनी काय करते यावर.

समजा, १०० एवढ्या भांडवलावर कंपनी दरवर्षी २० टक्के मिळवते आणि सगळा नफा त्याच दराने पुन्हा व्यवसायात गुंतवते. दहा वर्षांनी त्या १०० चे सुमारे ६१९ होतात. तीच कंपनी दरवर्षीचे २० वाटून टाकू लागली आणि आपण ते बाहेर ८ टक्क्यांनी गुंतवले, तर मूळ भांडवलासह आपल्याकडे सुमारे ३९० राहतात, आणि यात लाभांशावरील कर धरलेलाच नाही. मात्र कंपनीला नव्या गुंतवणुकीवर ८ टक्केही मिळत नसतील, तर हाच हिशेब उलटतो आणि नफा अडवून ठेवणे भागधारकांच्या तोट्याचे ठरते. वॉरन बफे यांनी घडवलेल्या बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने १९६७ नंतर लाभांश दिलेला नाही. राखून ठेवलेल्या प्रत्येक डॉलरमागे निदान एक डॉलरचे बाजारमूल्य निर्माण झाले पाहिजे, ही बफे यांनी स्वतःला लावून घेतलेली कसोटी होती; २०१४ मध्ये लाभांशाचा प्रस्ताव मताला आला, तेव्हा खुद्द भागधारकांनीच तो प्रचंड बहुमताने फेटाळला.

म्हणूनच वाढीच्या काळातल्या कंपन्या सहसा लाभांश देत नाहीत आणि वाढीच्या संधी आटू लागल्या, रोकड साचू लागली की देऊ लागतात. मायक्रोसॉफ्टचे समभाग १९८६ मध्ये बाजारात आले, तिचा पहिला लाभांश २००३ मधला. गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटने तो २०२४ मध्ये सुरू केला. लाभांश कधीतरी मिळू शकेल, किंवा कंपनी विकली गेल्यास तिच्या संपत्तीतला वाटा मिळेल, याच हक्कामुळे आज काहीही न देणाऱ्या समभागालाही किंमत असते.

उशीर करण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की, एकदा वाढवलेला लाभांश पुन्हा कमी करणे व्यवस्थापनाला अतिशय नकोसे असते, कारण बाजार त्याचा अर्थ संकट असाच लावतो. त्यामुळे ज्यांचा नफा दरवर्षी वरखाली होतो, त्या कंपन्या समभागांच्या पुनर्खरेदीचा (बायबॅकचा), म्हणजे स्वतःचेच समभाग भागधारकांकडून परत विकत घेण्याचा, मार्ग पसंत करतात. ती एका वर्षी करून पुढच्या वर्षी थांबवली तरी फारसे कोणी दचकत नाही, आणि अनेक देशांत करांच्या दृष्टीनेही ती सोयीची पडते. याखेरीज कर्जाच्या करारातील अटी आड येतात, तर कधी नफा फक्त कागदावर असतो आणि पैसा उधारीत व मालाच्या साठ्यात अडकलेला असतो.

तरीही प्रत्येक नकार शहाणपणाचाच असतो, असे मी म्हणणार नाही. हाताशी जादा रोकड असलेले व्यवस्थापन ती वायफळ विस्तारात आणि महागड्या कंपनी-खरेदीत घालवते, हा अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेन्सन यांनी १९८६ मध्ये दिलेला इशारा आजही लागू आहे. तेव्हा आपल्या कंपनीची किमान पाच-सात वर्षांची रोखप्रवाह पत्रके, म्हणजे प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला ते दाखवणारी पत्रके, काढून पाहा. नफ्याबरोबर रोकड येते का, भागधारकांच्या निधीवरील परतावा निधी वाढूनही टिकून आहे का, आणि एका बाजूने पुनर्खरेदी करत दुसऱ्या बाजूने अधिकाऱ्यांना नवे समभाग वाटले जात आहेत का, हे तपासा. पैसा नुसता पडून असेल, तर वार्षिक सभेत त्याबद्दल जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मात्र दरमहा घरखर्चासाठी उत्पन्न हवे असेल, तर कंपनी उत्तम असूनही असा समभाग आपल्या कामाचा नाही, कारण तेव्हा थोडे थोडे समभाग विकावे लागतील आणि मंदीत तेच सर्वांत महागात पडते.